गंगूमावशीचा झंपर

माजं नाव शमीम. जलम इथलाच, मुरुमचा. आब्बांचं बाजारात शिलाईचं दुकान व्हतं, आन् आब्बा शिकवायचे कसं, काय सांगू तुम्हाला, शिकवायचेच न्हायत. नुसतं बघ म्हणायचे. बघून चुकलं की टपली. बाही जोडायची गोलाई, मुंडा म्हणतो आमी, ती जमायला मला दोन वर्सं लागली, रडून रडून. तवाच ठरवलं, माज्याकडं बाया शिकायला आल्या तर कुणाला रडू द्यायचं न्हाय.

आन् क्लास काढल्यावर म्या पार उलटंच केलं बगा. सगळं आयतं हातात. बत्तीस, चौतीस, छत्तीस, सगळ्या मापांचे कागद कापून खिळ्याला टांगले, कागद कापडावर ठिवा, खडू फिरवा, कापा. बाया बी खूश, मी बी खूश.

सुवर्णा त्यातलीच, माकणीची, रोज एस्टीनं यायची, हात लई साफ. तिला गावात स्वतःचं दुकान टाकायचं व्हतं, घरच्यांनी दिवाळीपत्तूर मुदत दिलेली, न्हाय जमलं तर गप शेतात चल म्हणून. मला म्हणली, आपा, सगळ्या कागदांची नक्कल द्या, मग मला भ्या न्हाय. म्या व्हय म्हणलं.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली गंगूमावशी आली. तरणी असताना बैलगाडीतनं पडलेली, तवापासनं डावा खांदा उतरलेला. कुणीबी शिवू द्या, झंपर त्या खांद्यावरनं घसरायचा, पिना लावून फिरायची बिचारी. सुवर्णानं छत्तीसचा कागद लावला, चौतीसचा लावला, अडतीसचा लावला, आन् माज्या तोंडाकडं बघत उभी राहिली. हिला म्या कागद दिले, शिकवलं कुठं? दुकानात अशी बाई आली तर ही काय करणार?

खडू उचलला म्या, हात शिवशिवत व्हता, पर ठिवला खाली. म्हणलं, सुवर्णा, सांगणार न्हाय, पर एकटी बी सोडणार न्हाय. मावशीच्या अंगातला झंपर कुठं ओढतोय बघ. खांद्यात, म्हणली. दोन्ही? न्हाय, डाव्या. मग माप किती बारी घ्यायचं? मावशीच्या दोन्ही खांद्यांवर टेप धरून बघितली, म्हणली, दोनदा, दोन्ही बाजूचं येगळं. व्हय गं माजी बाय, म्हणलं. आधी रद्दीच्या पेपरावर कापायला लावलं, मग जुन्या लुगड्यावर. तिथं गळा तिरपा गेला, तर म्हणलं, कुठवर बरोबर व्हतं ते शोध, तिथनं पुढं बघ. खऱ्या कापडाच्या वक्ताला मी उठून चा टाकायला गेले, मुद्दाम. तिकडं दूध उतू गेलं, माजं ध्यान सगळं कात्रीच्या आवाजाकडं.

गंगूमावशीनं झंपर घातला, आन् तिथंच आरशाम्होरं दोन्ही हात वर करून अंबाडा बांधला. झंपराचा खांदा जागचा हलला न्हाय. म्हातारी परत सोडती, परत बांधती. मी रडले, खरं सांगते, इतका आनंद मला माज्या क्लासची पाटी लागली तवा बी झाला नव्हता.

आता सुवर्णाचं माकणीत दुकान हाय. सुरवातीला दिवसाला धा फोन, आपा हे कसं, आपा ते कसं. मी आपली इचारायची, तुला काय वाटतं? हळूहळू फोन कमी झाले, मग बंदच. परवा म्हणलं आपणच करावा. तर म्हणती, आपा, गिऱ्हाईक उभं हाय, मागनं करते, आन् ठिवला की फोन. अजून केला न्हाय. नगं करू म्हणावं. अल्ला तिच्या हाताला बरकत देवो.