खंडेनवमीचं पिस्तूल

हसू नका, माझा जीव गेला होता त्या दिवशी. माझ्या एअर पिस्तुलाला मी बाबांच्या जुन्या हातमागाच्या धोट्याच्या लाकडातनं मूठ कोरून बसवली. पंप मारून बघत होतो, तेवढ्यात फोन आला. बोलून परत येतोय तर पिस्तूल गायब! आणि आत छर्रा आहे का नाही, तेच आठवेना.

देवघरात पळालो. खंडेनवमी होती. कात्री, पाना आणि पिस्तूल पाटावर मांडलेलं. समोर बाबा डोळे मिटून बसलेले, आणि आईचं कुंकवाचं बोट थेट चापाकडं निघालेलं.

"आई, थांब! भरलेलं असंल ते!"

आई चिडलीच. "एवढं कळतंय की मला! म्हणून तर तोंड देवाकडं केलं न्हाय, तुझ्या बाबांकडं केलंय."