वैशालीच्या मामाचा फोटो

मी मूळचा आहुप्याचा. घरात भात आन नाचणी, फोटोबिटो कुणाला ठावं, शाळेतला वर्गाचा एक फोटो व्हता तोबी गुरुजींच्या घरी. शिकायला खाली घोडेगावला आलो, तिथं एका स्टुडिओत हाताखाली राह्यलो, आन याड लागलं ते लागलंच. आता पिंपळवंडीत सोताचं दुकान हाये, जुन्नर-आंबेगावातली निम्मी लग्नं मीच केली म्हणा, म्हंजी फोटोची हो, हसू नका.

काय सांगू तुमाला, माझी पयली झूम लेन्स साधीच व्हती, पर तिच्यात समदं यायचं, नवरी यायची, भटजी यायचा, मागं उभी म्हातारी यायची, पार मांडवाच्या कापडाची शिवण दिसायची. पर पोरापोरींना ते नको झालं. मोबाईलमधी कसं मागचं धूसर व्हतं, तसं पायजे म्हणायची. मग मी ती झूम इकली आन मोठ्या तोंडाची लेन्स घेतली. राव, काय तिचा दिमाख सांगू, नवरीच्या पापणीचा एकेक केस मोजून घ्या, आन मागचं समदं आमच्या आहुप्याच्या धुक्यावानी. जुनी ठिवली आसती तर बरं झालं आसतं, पर मला वाटलं, आता ती कशाला लागती.

वैशालीचं लग्न पिंपळवंडीतच झालं. बाप लहानपणीच गेलेला, मामानं वाढवलेली पोर. आपल्यात मंगलाष्टकाला मामा पाठीशी उभा आसतो, तसा तो उभा, फेटा बांधून, दोनी हात तिच्या खांद्यावर. मी म्हणलं मामा, जरा मागं सरका, फोटो भारी येतो. सरला बिचारा, हात तेवढं काढलं न्हाईत, लांब करून तसंच ठिवलं. पोरीचं नीट घ्या पावणं, म्हणला, माझं काय. आन अक्षता पडल्या तसा पंगतीकडं गेला वाढायला, घरच्यांच्या फोटोला बी आला न्हाई, मी बी बोलावलं न्हाई.

औंदा मामा गेला, झोपेतच. दहाव्याला फोटो पायजे म्हणून वैशाली दुकानात आली, आन मी तिच्यासमोर लग्नाचं समदं फोटो उघडलं. काय सांगू तुमाला, मंगलाष्टकाच्या हरेक फोटोत मामा हाये आन एकाबी फोटोत मामा न्हाई. नुसता फेट्याचा भगवा डाग. आधार कार्डावरचा वळखू येत न्हाई, पावण्यांच्या मोबाईलमधी कुठं निम्मं तोंड, कुठं पाठ. मग मी कंप्युटरला लावलं, आजकाल तो नाकडोळं बसवून देतो, दिलं बी त्यानं झकास. ती लई येळ बघत राह्यली आन म्हणली, भाऊ, हा कुणी चांगला माणूस दिसतो, पर आमचा मामा न्हाई.

मग तिनंच बोट ठिवलं. म्हणली, हात तर साफ हायेत. खरंच व्हतं. हात तिच्या खांद्यावर, तिच्या तोंडाजवळ, म्हणून लेन्सला घावलं व्हतं, अंगठ्यावरली इळ्याची जुनी खूण सुदिक दिसत व्हती. म्हणली हाच द्या. पर जित्या माणसाच्या फोटोला हार घालीत न्हाईत, तिचं तोंड त्यात ठिवून कसं चालंल? म्हणून मी तिचं तोंड कापलं. ज्या तोंडापायी ती लेन्स घेतली तेच, माझ्या हातानं. ती शेजारीच बसली व्हती.

आता मी परत साधी झूम आणलीये, मांडवात गेलो की आधी नवरीच्या मामाला उजेडात उभा करतो, मग बाकीचं. पर ज्याचा ऱ्हायला त्याचा ऱ्हायलाच, त्याला काय विलाज न्हाई.

कधीमधी वैशालीच्या घरी जाणं व्हतं. भिंतीवर हार घातलेलं दोन हात, खाली नाव. नवं माणूस आलं की इचारतं, तोंड कुठाय यांचं? ती माझ्यावर कधी ढकलत न्हाई. म्हणती, आमचा मामा आसाच व्हता, मागं उभा राह्यणारा. देव तिला सुखात ठिवो. मी खाली मान घालून चहा पितो.