लहान हात, लहान पिस्तूल

...नाही, पण मी म्हणते, हात लहान म्हणून पिस्तूलही लहानच हवं, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? तुम्हाला सांगते, अमेरिकेत आमच्या मोंटानात बाईमाणूस बंदुकीच्या दुकानात शिरलं की काउंटरवरचा माणूस आधी हात बघतो, आणि खणातून काढतो काय, तर लिपस्टिकएवढं पिस्तूल... तेही गुलाबी!

आता माझ्या बोटांना संधिवात, सकाळी मूठ वळत नाही, आणि आमच्या बायकांच्या नेमबाजी क्लबाचा नियम असा की आपलं पिस्तूल आपणच भरायचं, दुसऱ्या कुणी भरून द्यायचं नाही. मागच्या मंगळवारी गोळी चढवायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढता ओढता मी लालबुंद झाले, तो काही जागचा हलेना. तशी आमची अध्यक्ष लव्हॉन हळूच म्हणते, "आर्लीन, तू आता गुण लिहायला बस ना. सावलीत खुर्ची देते." मला खुर्ची? केस काळे होते तेव्हापासून नेम धरतेय मी. त्या एका मंगळवारच्या जिवावर तर आठवडा काढते हो, तो गेला तर उरलं काय?

गेले दुकानात. काईल नावाचा दाढीवाला म्हणतो, "मॅडम, लहान हात, लहान पिस्तूल." ओढून बघितलं... स्प्रिंग कसली ताठ! मग काढलं रिव्हॉल्वर. "यात ओढायचं काही नाही, नुसता चाप दाबा." दाबला. दोन बोटांनी दाबला. चाप तिथेच, बोट मात्र कडकन वाजलं. आणि आमचे डेल्बर्ट, नवरा हो, भिंतीवरची हरणाची मुंडकी बघत मागून म्हणतात, "अगं, लहान हात, लहान..." रात्री जेवायला कोण वाढतं, हे माणसं विसरतात बघा.

म्हटलं, काईल, ते कोपऱ्यातलं धिप्पाड काढ. "ते? मॅडम, ते केवढं जड आहे..." काढ म्हटलं ना. लांब नळी, बारीक गोळी, स्प्रिंग मऊ. डाव्या पंजात वरचा भाग गच्च धरला आणि ओढायच्या ऐवजी उजव्या हाताने पिस्तूलच पुढे रेटलं... सरकलं की हो! काईल म्हणाला, "पुन्हा करा बघू." पुन्हा केलं. दुकानामागे गोळी झाडून बघितली, तर धक्का म्हणाल तर मांजराने ढुशी द्यावी तेवढा, बाकीचा सगळा त्या वजनातच जिरला. लहान हात, लहान पिस्तूल म्हणे.

मंगळवारी क्लबात सगळ्यांदेखत भरलं, मुद्दाम सावकाश. पहिलीच गोळी मधोमध. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तोवर लव्हॉन शेजारी येऊन कुजबुजते, "आर्लीन, जरा मी बघू? माझाही अंगठा हल्ली..." तिच्या मागे बर्निस, बर्निसच्या मागे आणखी कोण कोण. अहो, सगळ्यांचीच बोटं आखडलेली, आणि सगळ्या इतके दिवस गपचूप सोसत होत्या. आता कुणीच घरी बसणार नाही म्हणतात, चांगलंच आहे. फक्त दर मंगळवारी पिस्तूल माझं, गोळ्या माझ्या, आणि रांगेत सगळ्यांत शेवटी मी.