लाल कापडातलं पुस्तक

माझ्या गल्लीतल्या बायांनो, भाऊ लोकांनो, दारात उभे आहेत त्याईनंबी आत या. सुमनताईच्या फोटोसमोर बोलणं मले लय जड जाऊन राहिलं. मी कागदावर लिहून आणलं होतं, क्लासमधी पोराईले शिकवते तशा एकदम शुद्ध भाषेत. तो कागद मी घडी करून ठेवते. ताई म्हणाल्या असत्या, 'वंदना, क्लासमधली बोली क्लासमधीच ठेव वो.'

ताई चांदूर रेल्वे गावच्या दवाखान्यात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर आपल्या या राजापेठेतल्या गल्लीत राहाले आल्या अन् घरच्या कपाटातली पुस्तकं वाटू लागल्या. सारी आत्मकथनं. खदानीत गिट्टी फोडता फोडता वकील झालेल्या बाईचं. शाळेत दाराबाहेर बसवलेल्या अन् मंग त्याच शाळेचा हेडमास्तर झालेल्या माणसाचं. दुःख झालं, अन्याय झाला, की माणूस ताईच्या दारात. ताई चेहरा पाहूनच पुस्तक काढत.

मी एकदा विचारलं, 'ताई, चांगलं पुस्तक कसं ओळखाचं?' म्हणाल्या, 'ज्यानं मारलं त्याचं नाव घेतलं काय, ते पाहाचं. घेतलं असन तं घरी ने. नुसतं सोसलं, सोसलं लिहिलं असन तं राहू दे.'

आता मले ज्या घराबद्दल बोलाचं आहे, ते घर इथंच दुसऱ्या रांगेत बसलं आहे. नितीन, उठू नको. तू ताईचा शेजारी आहे. तुले शेवटपर्यंत बसा लागते.

नितीनची बायको पल्लवी, शेंदूरजनाघाटची पोरगी. तिच्या हातात पुस्तक दिसलं की हा हिसकून घ्याचा. मंग ताईनं काय केलं? आत्मकथनाले लाल कापड गुंडाळलं, पोथीले गुंडाळतात तसं. म्हणाल्या, 'देवघरात ठेव. तिथं कोणी हात लावत नाही.'

अन् श्रावणात शांताकाकूनं, म्हणजे नितीनच्या आईनं, सुनेले सांगतलं, 'पोथी वाचून दाखव.' काय करन पोरगी? तिनं वाचलं. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई, कडेवर लेकरू, बाजारात भाजी विकून पायावर उभी झालेली. शांताकाकू, तुमी ऐकता ऐकता रडल्या. पुस्तकाले कपाळ टेकवलं. तुमी विचारलं, 'कोण्या देवीची कथा होय वो ही?'

पल्लवीनं हे सांगतलं तेव्हा मी पोट धरून हसली. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'रडली न ते? मंग ते बाई वाईट नाही. भेते.'

पुढं एक दिवस कापड सुटलं. नितीननं आतलं पुस्तक पाहिलं. अन् भरसंध्याकाळी त्यानं पल्लवीले ओट्यावरून ओढलं, मारलं, फाटकाबाहेर ढकललं. मी त्या दिवशी अकोल्याले बहिणीकडे होती. मी पाहिलं नाही, म्हणून माझी साक्ष चालत नाही. पण तुमी होते. दारात होते, गॅलरीत होते. पोलिसाकडे एकट्या ताई गेल्या. मंग गल्ली काय म्हणे? 'म्हातारी पुस्तकं देऊन सुना बिघडवते.'

येत्या सोमवारी कोर्टात ताईची साक्ष होती. ताई गुरुवारी गेल्या. वकील म्हणते, डोळ्यानं पाहिलेला दुसरा माणूस आणा, नाही तं केस लंगडी पडन. पल्लवी तिथं मागं, दाराशी उभी आहे. कोणी वळून पाहिलं नाही तिच्याकडे. आतातरी पाहा.

मले राग येऊन राहिला. शोकसभेत राग बरा नाही, मले समजते. पण आता तुमी एक एक करून इथं आले, अन् म्हणाले, ताईच्या पुस्तकानं आमाले बळ देल्लं, लढाले शिकवलं. काही जण रडले. खरं रडले, मी नाही म्हणत नाही. पण ते बळ कुठं ठेवलं तुमी? देवघरात? लाल कापडात?

पुस्तकातल्या बाईसाठी रडणं सोपं आहे बाप्पा. ते आपल्या गल्लीत राहत नाही. तिचा नवरा आपल्याले रोज पार्किंगमधी भेटत नाही.

आता आपण ताईसाठी उभे राहू. कोणी बोलाचं नाही, फोन बंद करा. दोन मिनिटाची शांतता सरली की सारे खाली बसतात, तशी रीत आहे. पण ज्यानं ते संध्याकाळ डोळ्यानं पाहिली, अन् सोमवारी कोर्टात नितीनचं नाव घ्याची ज्याची तयारी आहे, त्यानं बसाचं नाही. तसंच उभं राहाचं. मी इथून पाहीन. पल्लवी तिथून पाहीन.

शांताकाकू, तुमी तं त्या दिवशी ओट्यावरच होत्या. तुमचे गुडघे दुखतात, मले माहीत आहे. पाहिजे तं समोरच्या खुर्चीले धरा.

सुमनताई, तुमाले माझा शेवटचा नमस्कार.

चला, उठा सारे.