हिलरीने दोनदा विचारले होते

नाव: चंद्रकांता तुळशीदास चौधरी, वय ६८ वर्षे, धंदा: घरकाम व बागायत, रा. अर्नाळा, ता. वसई, जि. पालघर.

दि. २१ जानेवारी २०२५ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर पती तुळशीदास (वय ७३), मुलगा अनुज व नात रिद्धी (वय ७) यांच्यासह राहत आले. आमची केळीची व पानवेलीची वाडी आहे. पती पहाटे चारला उठून वाडीला पाणी सोडत.

सारा जन्म समुद्राच्या कुशीत काढून माझे पती कधी होडीत बसले नव्हते. आपली वाडी समुद्रातून कशी दिसते ते एकदा बघायचे, एवढीच त्यांची हौस. हिलरी हा अर्नाळ्याचाच मच्छीमार, आमच्या घरी वर्षानुवर्षे येणारा. तो म्हणाला, "काका, रविवारी चला."

दि. १९ रोजी सकाळी दहाच्या सुमारास पती, मी व रिद्धी त्याच्या होडीत बसलो. अनुजला कामावर जायचे होते. किल्ल्याला वळसा घालून पुढे गेल्यावर पतींना आमचा वाकडा माड दिसला. ते म्हणाले, "अगं, वाडी एवढीशीच दिसते." मी म्हटले, "एवढीशीच, पण आपला जन्म खाल्ला तिने." ते हसले. इतके मोकळे हसलेले मी त्यांना पुष्कळ दिवसांनी पाहिले.

साडेबाराला होडी नांगरून आम्ही जेवलो. पतींनी केळीच्या पानात भाजलेल्या गोड पानमोडीचे दोन तुकडे खाल्ले, वर तिसरा मागितला. एकला ते डाव्या कुशीवर आडवे झाले. दुपारी ते झोपले की घरात भांडेही वाजवायचे नाही, हा माझा पन्नास वर्षांचा शिरस्ता. मी त्यांच्या तोंडावर पंचा टाकला. रिद्धीला पाखरांचा थवा दिसला. आजोबांना दाखवते म्हणून ती ओरडली, तर मी तिचे तोंड दाबले.

दोनच्या सुमारास हिलरी म्हणाला, "काकी, काका लय वेळ झोपलेत. पानी देऊ काय?" मी म्हटले, "उठवू नको रे. घरी गेले की पुन्हा वाडीत शिरतील." तीनला त्याने परत विचारले. तेव्हा मी त्याच्यावर खेकसले. मी बोलायला फटकळ आहे, सगळा गाव जाणतो.

साडेचारला किनाऱ्याला लागल्यावर रिद्धीने आजोबांचा हात ओढला. तो गार होता. दवाखान्यात डॉक्टरांनी, हृदय बंद पडून बराच वेळ झाला, असे सांगितले. दोनला उठवले असते तर वाचले असते का, हे मी त्यांना विचारले नाही. माझी छाती झाली नाही.

होडीवाल्याने वेळेत होडी फिरवली नाही, अशी तक्रार अनुजने दिली आहे. बापाच्या दुःखात तो बोलला, त्याला दोष नाही. हिलरीने काल त्याच्या जबाबात "मला समजले नाही" एवढेच लिहून दिल्याचे मला कळले. मला विचारल्याचे त्याने कोणालाच सांगितले नाही. माझ्यासाठी त्याने तोंड शिवून घेतले, म्हणून मी स्वतः आले. माझी हिलरीविरुद्ध काही तक्रार नाही. तो सकाळपासून बाहेर बाकावर बसला आहे. त्याला घरी जाऊ द्यावे.

जबाब मला वाचून दाखवला. "उठवू नको" पाशी हवालदार थांबले आणि म्हणाले, "आजी, एवढे वाक्य गाळू का?" ते गाळू नये. ते मीच म्हणाले होते. बाकी मजकूरही मी सांगितला तसाच, बरोबर लिहिला आहे.

सही: चंद्रकांता तुळशीदास चौधरी