पाखरू सरकारचं, अळ्या आपल्या

...आता तुम्हीच सांगा, माणसानं ऐकावं तं कोणाचं ऐकावं? एक साहेब म्हणते औषध मारलं पाहिजे, दुसरा साहेब म्हणते मारशील तं आत टाकतो, अन् दोघंही जीप घेऊन एकाच दारात उभे! हसू नका ना बाप्पा. तुमच्यावर येईल तं कळंल. आमच्या भाऊजीवर आलं होतं. चंपतराव त्याईचं नाव. सावनेरच्या पलीकडं वावर, पऱ्हाटी, म्हणजे तुमचा कापूस, पेरते माणूस, अन् आमची मोठी बहीण प्रयागबाई त्याईच्या घरी देल्ली. मी इथं शहरात, प्रताप नगरात, पंख्याखाली बसणारा कारकून, पण सुट्टी आली का सावनेरची मोटार पकडून तिथं हजर. म्हणून सांगतो, ऐंशी-एक्क्याऐंशी सालची गोष्ट आहे, पण अजून आठवली का डोकं फिरते!

झालं काय, भाऊजीच्या वावराच्या खालच्या अंगाले गवताचा एक पट्टा होता. पडीत. खाली मुरूम, नांगर चालत नाही. तिथं एक दिवस हूम येऊन बसला. हूम म्हणजे तुमचा माळढोक हो! माळढोक म्हणलं का शहरातले लोक 'अच्छा अच्छा' करते, पाहिला कोणीच नसते. कंबरेइतकं उंच पाखरू, मान ताठ, अन् चाल अशी, का तहसीलदार मोजणीले निघाला! भाऊजीनं पाहिलं, म्हणलं असंल बाप्पा, अन् आपल्या डवऱ्याच्या बैलायमांगं लागले. पण माणसाच्या पोटात काही राहते का? सावनेरच्या हॉटेलात चहा पिता पिता बोलून गेले. झालं! आठवड्याच्या आत जंगलखात्याची जीप दारात.

साहेब मोठा गोड. "चंपतराव, तुम्ही भाग्यवान आहात! देशभरात हे पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि त्यातली एक मादी तुमच्या शेतात अंड्यावर बसली आहे!"

भाऊजीनं घाबरून हात जोडले. सरकारनं भाग्यवान म्हणलं का कोणीही घाबरंल ना!

"आता एवढंच करायचं, या शेतात कीटकनाशक मारायचं नाही. ती किडे खाते. विषारी किडा तिच्या पोटात गेला की विष अंड्यात उतरतं, कवच पातळ होतं आणि आई बसल्याजागी अंडं फुटतं."

भाऊजीले हे पटलं, खोटं काहून बोलू. विषाले आपण औषध म्हणतो म्हणून ते काही काढा होत नाही, हे कास्तकाराले कोणी सांगावं लागत नाही. पण त्याईनं विचारलं, "अन् पऱ्हाटीवरच्या अळ्यायचं काय करू जी?"

साहेब जीपकडं वळला. "अळ्या... अळ्या ती खाईलच ना!"

भाऊजीनं आपल्या अख्ख्या वावराकडं पाहिलं, मंग त्या पाखराकडं पाहिलं. "साहेब, एकटीच आहे जी ते!"

जीप धूळ उडवत गेली, अन् भाऊजी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उकिडवे बसून म्हणाले, "घ्या! पाखरू सरकारचं, अळ्या आपल्या!"

पण सरकार काय एक असते का? दोन-चार दिवसात शेतकीखात्याची जीप आली. हा साहेब तापट. भाऊजीले मागच्या साली यायनंच प्रगतिशील शेतकरी ठरवून पाठीवरचा पंप देल्ला होता, तो पंप आता कोपऱ्यात, अन् त्याच्यावर कोंबडी बसलेली! ते पाहून साहेबाचा पारा चढला. "अहो, सगळं शिवार आम्ही फवारतोय आणि तुमचं एक शेत सुटलं, तर अळी तिथून पुन्हा गावभर पसरेल! मग काय कराल?"

"जंगलवाल्या साहेबानं मनाई केली जी. पाखरू आहे."

"पाखरू? एकरी किती पिकतं ते पाखरू?"

अन् तुम्हाले सांगतो, एक दिवस दोन्ही जीपा एकाच वेळी आल्या! भाऊजी खूश, म्हणलं निकाल लागते आता. दोन्ही साहेब वसरीत बसले, आमच्या बाईचा, प्रयागबाईचा, चहा प्याले, इंग्रजीत भांडले, एकमेकाले सिगरेटी देल्ल्या, अन् उठता उठता म्हणते कसे, "आम्ही वरती लिहून विचारतो. तोपर्यंत दोघांच्याही सूचना पाळा." दोघायच्याही! एका तोंडानं फुंकर मारायची अन् त्याच तोंडानं श्वास ओढायचा! भाऊजी म्हणाले, "पाखरू सरकारचं, अळ्या आपल्या!" अन् कपबशा उचलून आत गेले.

त्यात नाल्याच्या पलीकडं महादेवरावचं वावर. त्याले तं तमाशाच मिळाला! धुऱ्यावर उभा राहून वरडे, "काय गा चंपत, कोराडीले वीजघरवाल्यायची जशी सरकारनं कॉलनी बसवली, तशी तुह्या पऱ्हाटीत अळ्यायची बसवली का? क्वार्टर मिळून राहिले का त्याईले?"

भाऊजीनं ऐकून घेतलं. पंपाले हात नाही लावला. नवरा-बायको सकाळपासून वाकून हातानं अळ्या वेचत, रॉकेलच्या डब्यात टाकत. कमरीचं पार लाकूड झालं. दम खायले बसायचं तं कुठं? त्या गवताच्या कडेले. पहिले पहिले ते पाखरू मान वर करून यायच्याकडं पाहे. मंग पाहणंच सोडलं. घरातल्या माणसाकडं कोणी पाहते का? भाऊजी मले सांगत, "वसंता, तापलेल्या उन्हात पंख पसरून बसते गा ते अंड्यावर, हालत नाही." अन् सांगता सांगता आवाज बारीक करत, जसं काही पाखरू बाजूच्या खोलीत निजलं आहे!

पिल्लू निघालं त्या दिवशी पाय न धुता घरात घुसले. "ऐकलं का वं, निघालं!"

बाई म्हणे, "काय निघालं? विहिरीले पानी?"

"अवं पिल्लू!"

"इतकं धावत तं पोरीच्या बाळंतपणाले नाही गेले तुम्ही!"

अन् मंग काय झालं? दवंडी! "हो ऽ ऽ, उद्या विमानानं फवारा होणार हो ऽ ऽ, गुरंढोरं बांधा, विहिरी झाका!" पाखरं झाका असं काही दवंडीत नव्हतं. भाऊजी धावत सावनेरले. शेतकीचे साहेब दौऱ्यावर. जंगलवाले साहेब मीटिंगमध्ये. चपराशी म्हणे, "उद्या या." उद्या! उद्या तं विमान!

सकाळी घरघर ऐकू आली. आता विमानाच्या फवाऱ्याची एक रीत असते. खाली एक माणूस झेंडा हालवत उभा राहते, वरचा तो झेंडा पाहते अन् बरोबर तिथंच धार सोडते. हे गावाले माहीत, भाऊजीलेही माहीत. पण जीव उडाला का माणसाची माहिती बी उडते! बाभळीवर बाईचं लाल लुगडं वाळत होतं, ते ओढलं अन् गवताच्या पट्ट्यात उभं राहून आभाळाकडं हालवू लागले, "नको! नको! इथं नको रे बाप्पा!"

विमानवाल्याले काय वाटलं असंल? म्हणलं, वा! काय कामाचा माणूस आहे! सरळ डोक्यावर आला अन् सोडली धार. भाऊजीनं आणखी जोरानं हालवलं. त्यानं वळून आणखी एक देल्ली! नको म्हणलं तं डबल!

भाऊजी तिथंच पडले. ओकारी, घाम, तोंडाले फेस. सांगताना आज हसू येते, पण त्या दिवशी बैलबंडीत टाकून दवाखान्यात नेलं तवा बैल बाईनंच पळवले. मी पोचलो तं डॉक्टर म्हणे रात्र निघाली तं वाचले. निघाली.

शुद्ध आली अन् भेटाले कोण? दोन्ही साहेब! जंगलवाले म्हणे, "पक्षी कुठे आहे?" माणूस कसा आहे हे कोणी विचारावं? शेतकीवाले नारळ घेऊन. "चंपतराव, तुमच्या शेतासारखा फवारा तालुक्यात कुठे बसला नाही! थेंब वाया गेला नाही!"

"हो जी," भाऊजी म्हणाले, "सगळा माह्याच अंगावर पडला."

अन् साहेब गेल्यावर भिंतीकडं तोंड केलं. खांदे हालून राहिले. म्हणे, "पाखरू मेलं वं. माह्याच हातानं मेलं."

बाई त्याईचं तोंड पुसत होती. "नाही मेलं. पिल्लू घेऊन महादेवरावच्या पडितात चरून राहिलं."

"तिथं कसं गेलं?"

"हाकललं मी. घरघर ऐकली तवाच. कोंबड्या हाकलतो तसं हात पसरून, हळू हळू, नाला वलांडून."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही विमानासंगं बोलून राहिले होते ना!"

आता अळ्यायचं म्हणाल, तं आठ दिवसात पुन्हा हजर. पण जीप आता नाल्याच्या पलीकडं जाऊ लागली. "महादेवराव, तुम्ही भाग्यवान आहात!" महादेवराव कपाळाले हात लावून म्हणे, "पाखरू सरकारचं, अळ्या आपल्या!" पहिला महिना म्हणे. मंग तोही आवाज बारीक करून बोलू लागला. काय जादू असते कोणास ठाऊक!

दिवाळीनंतर भाऊजीच्या पायात जरा बळ आलं. काठी टेकत टेकत नाला वलांडला, म्हणलं लेकराले पाहून येतो. तं महादेवराव हात आडवा करून समोर! "हळू गा चंपत! मांगंच थांब. पाखरू नव्या माणसाले भेते."

नव्या माणसाले! आता बोला!

भाऊजी काय करते? काठी बाजूले ठेवली, धुऱ्यावर टेकले, अन् म्हणाले, "बरं बाप्पा... मंग तूच वळख करून दे."