दोन बोटं क्लचवर

…जळणार नाहीत तर काय होईल? तुम्हीच सांगा. माणूस गाडीवर बसला की उतरेपर्यंत डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरून काढत नाही, ना धड दाबत, ना धड सोडत, मग आतल्या प्लेटा जळणार नाहीत तर काय फुलणार आहेत? आणि हे मी आज नाही हो सांगत. मागच्या सीटवर बसून अख्खा संसारभर सांगत आले, 'अहो, बोटं काढा.' धंतोलीच्या चौकात सांगितलं, वर्धा रोडवर सांगितलं, सेमिनरी हिल्सच्या चढावर तर कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ऐकलं? गेल्या वर्षी आश्विनात गेले ते गेलेच, आणि जळक्या प्लेटा माझ्या पदरात टाकून गेले.

म्हणजे आमचे हे. नाव मी घेत नाही, तुम्ही अनंतराव म्हणा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर चार लोक काशीला जातात, ह्यांनी जुनी स्कूटर विकून साडेसहाशे सीसीची मोटारसायकल आणली. म्हटलं, अहो, ही उभी तरी करता येणार आहे का तुम्हाला? तर म्हणाले, तू मागे बस, म्हणजे तोल राहील. आता ही स्तुती की निंदा, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही.

बरं, गेलेल्या माणसाने जावं की नाही पूर्णपणे? तसं झालं नाही. तुम्हाला सांगते, मी जुनी मॅट्रिक आहे, तीसुद्धा संस्कृत घेऊन, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण गाडी आता आमची नात गार्गी चालवते, विमानतळापलीकडे मिहानमध्ये कंपनीत नोकरीला जाते, आणि रोज सकाळी ती क्लच दाबून पहिला गिअर टाकते की गाडी आपणहून हातभर पुढे उडी घेते आणि बंद पडते. कुणीकडे उडी? ह्यांच्या जास्वंदीच्या कुंडीकडे. रोज. जसे हे सकाळी चहाआधी कुंडीकडे जायचे, तशीच. गार्गी म्हणते, 'आज्जी, रात्रभरात प्लेटा एकमेकींना चिकटतात, म्हणून धक्का बसतो. तू उगाच टेन्शन घेऊन राहिली.' असेल. प्लेटा चिकटत असतील. पण कुंडीच का?

आणि तो वास. जळक्या क्लचचा एक विशिष्ट वास असतो, तुम्हाला ठाऊक नसेल, देव करो आणि ठाऊक न होवो. ह्यांच्या सदऱ्यांना यायचा. कितीही धुवा, यायचाच. एकदा तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावत होते, पाठ दाराकडे, आणि तो वास आत आला. माणसाच्या आधी आला. मी मागे वळलेसुद्धा नाही, तोंडातून निघून गेलं, 'हातपाय धुऊन या, चहा टाकते.' मग हळूच आवाज आला, 'आज्जी, मी आहे.'

पोर उंबऱ्यातच उभी होती. हेल्मेट हातात. मी आपली वात सारखी करत बसले.

मी मॅट्रिक आहे हो. माझा विश्वास नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या वेळी मी दिवा जरा सावकाश लावायला लागले, एवढंच.

हे असंच चाललं असतं. पण मग वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर, भर चढावर, गाडी घसा फोडून ओरडायला लागली आणि जागची हलेना. इंजिन फिरतंय, चाक फिरत नाही. मागे ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून पोर घरी आली. घरी येऊन हसून सांगत होती, आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

तेव्हा रोशन मेकॅनिकला बोलावलं. त्याने अंगणातच गाडी उघडली, काळ्या चकत्या एकेक करून बाहेर काढल्या आणि जिलब्या मांडाव्या तशा वर्तमानपत्रावर मांडल्या. म्हणाला, 'आजी, ह्या तं पुऱ्या जळून गेल्या जी. साहेबायले म्या कितीदा सांगतलं, हात काढून घेत जा. आता रेसिंगवाल्या कडक स्प्रिंगा टाकून देतो, गाडी विमानावानी जाते का नाही पाहाच तुम्ही.' म्हटलं, विमान नको आहे, पोर वेळेवर घरी यायला हवी आहे. गार्गी म्हणाली, कडक स्प्रिंगांनी क्लच जड होतो, ट्रॅफिकमध्ये मनगट जाईल, आपण स्लिपर क्लच घेऊ. तो हाताला हलका असतो आणि वेगात गिअर खाली टाकला तरी मागचं चाक अडकत नाही. आणि आमचा सुमंत, गार्गीचा बाप, माझा एकुलता एक, तो दारात उभा राहून म्हणाला की काहीच बदलता येणार नाही. काहून? वचन दिलंय.

आता हे वचनाचं प्रकरण ऐका. दहाव्याला घाटावर पिंड मांडला, कावळा समोरच्या झाडावर, आणि शिवेना. सुमंत म्हणाला, बाबा, गार्गीचं लग्न थाटात करू. कावळा ढिम्म. घरावर मजला चढवणार नाही. ढिम्म. मग म्हणाला, आईकडे नीट लक्ष देऊ. तुम्हाला सांगते, कावळ्याने चक्क मान फिरवली. फिरवली! सगळ्यांनी पाहिलं. मी आपली पदर सारखा करून उभी. गुरुजींनी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला घेतला, तेवढ्यात सुमंत ओरडला, 'बाबा, तुमची गाडी आहे तशीच ठेवू, एक स्क्रूसुद्धा बदलणार नाही!' झालं. शब्द संपायच्या आत कावळा खाली.

म्हणजे बायकोसाठी हलला नाही, गाडीसाठी हलला. त्या दिवसापासून माझ्या मनात ते बसलं आहे, पण बोलणार कुणाला?

सुमंत म्हणे, मूळ प्लेटाच आणू, कंपनीच्या, तेवढं बाबा समजून घेतील. गार्गी म्हणे, जीव माझा जाणार होता. रोशन म्हणे, कडक स्प्रिंगा. आणि मी? मला कोणी विचारलं नाही, ते बरंच झालं, कारण मला तिन्हींचं एकच दिसत होतं: कुठल्याही नव्या प्लेटा बसल्या की तो वास काही येणार नाही.

शेवटी गुरुजींना फोन केला. म्हणाले, 'यमुताई, ज्याले वचन दिलं, त्यालेच विचारा न. वर्षश्राद्ध तोंडावर आहे.' झालं, तेवढाच आधार. श्राद्धाच्या दिवशी अंगणाच्या भिंतीवर केळीच्या पानांवर तीन खोकी मांडली. एकात कंपनीच्या मूळ प्लेटा, एकात रोशनच्या कडक स्प्रिंगा, एकात गार्गीचा स्लिपर क्लच, आणि प्रत्येकापुढे भात, वडा, खीर. शेजारच्या दवाखान्यातले पेशंट खिडकीतून पाहत होते. धंतोलीत, दवाखान्यांच्या वस्तीत राहण्याचं हेच सुख, आपल्या घरात काहीही झालं तरी साक्षीला अख्खा विदर्भ हजर असतो.

कावळा आला. एकटाच आला. तिन्ही खोक्यांवरून चालत गेला, शिवला नाही. आणि तिथून उडाला तो थेट गाडीवर, डाव्या हँडलवर, क्लचच्या दांडीवर जाऊन बसला. तुम्हाला खोटं वाटेल. एक पाय हँडलवर, एक पाय क्लचवर. ना धड दाबलेला, ना धड सोडलेला.

रोशनने तर टोपी काढली. तो एवढा नवे पार्ट खपवणारा माणूस, हात जोडून भिंतीला टेकला. सुमंत पुटपुटला, बाबा, चुकलो. आणि मी पुढे झाले. मॅट्रिक असले म्हणून काय झालं, काही गोष्टी तोंडातून आपसूक निघतात. शांतपणे म्हटलं,

'अहो, बोटं काढा. पोर पुलावर अडकली होती.'

कावळ्याने माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्याने, तसंच, चष्म्याच्या वरून पाहिल्यासारखं. मग पाय उचलला, भिंतीवर गेला आणि गार्गीच्या खोक्यापुढचा वडा उचलून उडून गेला. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. तेही वडा घेऊन.

स्लिपर क्लच बसला. गाडी आता सकाळी उडी मारत नाही. जास्वंदीची कुंडी सुरक्षित. संध्याकाळी गार्गी येते ती नुसती साबणासारखी स्वच्छ येते, कसलाही वास नाही. मी दिवा पूर्वीसारखा चटकन लावते. कशाला सावकाश लावायचा? तसं पाहिलं तर सगळं उत्तम आहे.

परवा मला डोळे दाखवायचे होते. दवाखाने दाराशी आहेत, पण आमचा डॉक्टर नेमका सेमिनरी हिल्सकडे. गार्गी म्हणाली, बस मागे, तोल राहील. मी बसले. गाडी लोण्यासारखी निघाली, धक्का नाही, हिसका नाही, मला एकदम परकं वाटायला लागलं, कुणा दुसऱ्याच्या गाडीवर बसल्यासारखं. चढ लागला. आणि माझ्या नाकाला काहीतरी जाणवलं. पुसट. म्हटलं, भास. मी मॅट्रिक आहे, माझा विश्वास नाही. तरी जरा पुढे वाकून तिच्या खांद्यावरून पाहिलं.

दोन बोटं. डाव्या हाताची. क्लचवर. ना धड दाबलेली, ना धड सोडलेली, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

कानाशी तोंड नेलं. 'गार्गे, बोटं काढ.' म्हणाली, 'हो आज्जी.' काढली का? तुम्हीच सांगा, काढली असतील का?

घरी येऊन रोशनला फोन लावला, म्हटलं, बाबा, प्लेटांचा एक संच मागवून ठेव. म्हणाला, कोणता जी?

म्हटलं, कोणताही आण. जळायचाच आहे.